मैनेची डबल बेल

जयराम कंडक्टरच्या एकूण एक बनियनला डाव्या बगलेखाली भोक असायचं. डेपोत कपडे बदलताना सोबतची माणसं हसायची. "काय जयराम, घरात उंदीर पाळलेत का?" म्हणायची. उंदीर कसले, त्याची सहा वर्षांची पोरगी होती ती, मैना. रात्री झोपताना बापाच्या बनियनचा तेवढा भाग ती मुठीत धरायची, आणि अशी घट्ट धरायची की बिचाऱ्याला कूस बदलायची चोरी. तो हलला की ती जागी. तो पाणी प्यायला उठला की तीही उठणार, माठापर्यंत मागे येणार, आणि तो परत आडवा झाला की आधी बनियन चाचपून बघणार.

गंगापूर नाक्याच्या मागे त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, एकामागे एक. मागच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कुसाबाई राहायच्या. त्यांच्या घरात मुलगा, सून, नातवंडं अशी इतकी दाटी की पाय ठेवायला जागा नाही, तरी मैनेवर जीव होता. त्यांनी पोरीची दृष्ट काढली, उशाखाली चाकू ठेवला, कोण्या बाबाचा अंगारा लावला. गल्लीत जो तो विचारायचा, "काय गं, कशाची भीती वाटते? भुताची? मांजराची?" मैना मान हलवायची. भुताची नाही, मांजराची नाही, अंधाराचीही नाही. मग कशाची, ते ती सांगायची नाही, आणि एवढ्या शहाण्या माणसांत एकालाही ते ओळखता येत नव्हतं. डोळ्यांसमोरची गोष्ट दिसत नाही ती अशी.

आदल्या वर्षी भाद्रपदात जयरामच्या बायकोला, लताला, कावीळ झाली. अंगावर काढलं, झाडपाला झाला, आणि एका रात्री तिची शुद्ध हरपायला लागली. तेव्हा मैना तिच्या कुशीत गाढ झोपली होती. आईचा पदर तिच्या मुठीत होता. बाहेर टांगा येऊन उभा राहिला. "हिला उठवू का?" जयरामने विचारलं. "कशाला? रडून गोंधळ घालेल. झोपू दे लेकराला," असं सगळेच म्हणाले, आणि कुसाबाईंनी तिची मूठ एकेक बोट करून हळूच सोडवली. मैनेला कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत लता गेली. दवाखान्यातूनच तिला गोदावरीवर नेलं. "पोरीला दाखवू नका, मनाला लावून घेईल," असं वडीलधारे म्हणाले. झोपताना जी आई होती ती सकाळी नव्हती, आणि त्यानंतर कधीच नव्हती. मैनेला एवढंच ठाऊक. "पोर झोपलेलं होतं तेच बरं झालं," असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा. लोकांना बरं झालं म्हणायला काय लागतं!

तर अशी ती मैना, आणि तिचा बाप एसटीत कंडक्टर. कंडक्टरला मुक्कामाच्या पाळ्या चुकत नाहीत. संध्याकाळची गाडी घेऊन लांबच्या गावी जायचं, रात्री तिथेच पडायचं आणि पहाटे तीच गाडी परत आणायची. वर्षभर जयरामने हातापाया पडून त्या पाळ्या बदलून घेतल्या. नाथा नावाच्या कंडक्टरने त्याच्यासाठी इतके मुक्काम केले की एक दिवस तो वैतागून म्हणाला, "माझी बायको विचारते, तुमचं दुसरं घर नक्की कोणत्या गावी आहे?" सगळे हसले, जयरामही हसला. पण आता हे फार दिवस चालणार नाही, हे त्याला कळून चुकलं.

वर्षश्राद्धाला लासलगावहून लताची मोठी बहीण आली, लंकाबाई. तिचा नवरा धोंडीराम तिथल्या कांदा मार्केटात मापारी, म्हणजे दिवसभर काट्यावर कांद्याची वजनं करणारा. मूलबाळ नव्हतं. बाई तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवणार नाही. जेवणं आटोपल्यावर तिने चार माणसांत विषय काढला.

"पाव्हणं, पोर मला द्या."

"आक्का, असं काय बोलता?"

"वाईट काय बोलले? तुमची नोकरी ही अशी. पोर सुकून चाललीय. माझ्याकडं खाऊनपिऊन लोळंल तरी."

लताची म्हणून जयरामच्या घरात आता ही पोर एवढीच उरली होती. साड्या वाटून झाल्या होत्या, गळ्यातलं आजारपणात मोडलं होतं. संध्याकाळी तिकिटांची पेटी खांद्याला लावून गल्लीत शिरलं की उंबऱ्यावर दोन वेण्या दिसायच्या, त्यावर त्याचा दिवस निघायचा.

"ती शिकेल एकटी झोपायला," तो म्हणाला. "मग कसलीच अडचण नाही. कुसाबाई आहेत भिंतीला."

"कधी शिकंल?"

"दिवाळीपर्यंत."

"बरं. शिकली तर ठेवा तुमच्याकडं, माझं काय म्हणणं नाय. नाय शिकली तर मी येईन आन् घेऊन जाईन. मंग आडवं यायचं नाय."

मैना तिथेच होती, खिरीची वाटी चाटत. पण मुलांच्या देखत बोलताना मुलं बहिरी असतात असंच मोठी माणसं धरून चालतात.

दुसऱ्याच दिवशी जयराम कामाला लागला. ओळखीच्या सुताराकडून त्याने एक छोटी खाट करून घेतली. डेपोच्या रंगाऱ्याकडून उरलासुरला लाल रंग आणला, वर एक पिवळा पट्टा मारला आणि खाटेची झक्क एसटी केली. पायथ्याशी एक पाटी ठोकली आणि तिच्यावर खडूने लिहिलं : 'नाशिक ते सकाळ. मध्ये थांबा नाही.' मैना नुकतीच वाचायला शिकली होती. तिने बोट ठेवून पाटी वाचली आणि कितीतरी महिन्यांनी खुदकन हसली.

ही एसटी लागली मागच्या खोलीत. जयराम झोपणार पुढच्या खोलीत. मग त्याने खाटेपासून एक सुतळी काढली, खिळ्यांवरून छताला लावून दारातून पुढे नेली आणि आपल्या उशाशी टांगली. तिथे गावाकडून आणलेली, बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा बांधली. मैनेच्या बाजूचं टोक तिच्या मनगटात सैल अडकवलं, म्हणजे इकडून ओढलं तर तिला कळावं.

"आता नीट ऐक," तो म्हणाला. "गाडीत मी बेल देतो ती बघितलीस ना? एकदा वाजवली की ड्रायव्हर काय करतो?"

"थांबतो."

"आणि डबल बेल दिली की?"

"जातो."

"हां. तसंच. भीती वाटली की एकदा ओढ. मी असेन तिथून येईन. सगळं ठीक असेल तर डबल बेल. म्हणजे गाडी चालली सकाळच्या दिशेने."

मग तो तिकिटाचा चिमटा काढायचा, जुन्या तिकिटाला टिक्कन भोक पाडायचा आणि ओरडायचा, "एक हाफ, सकाळ!" मैना ते तिकीट उशाखाली ठेवायची. जयराम दिवा मालवून पुढच्या खोलीत जायचा आणि श्वास रोखून पडायचा.

पहिल्या रात्री घंटा इतक्या वेळा वाजली की पलीकडून कुसाबाईंनी विचारलं, "जयरामभाऊ, घरात बैल आणला की काय?" प्रत्येक वेळी तो उठून गेला. गाडीत उतारूंवर खेकसणारा माणूस, पण पोरीवर एकदाही चिडला नाही. खाटेशी उकिडवा बसायचा, तिच्या कपाळावरचे केस मागे सारायचा, म्हणायचा, "आहे गं मी." हळूहळू घंटा कमी झाली. पितृपक्ष गेला, नवरात्र बसलं. एका रात्री एकदाही सिंगल वाजली नाही. दिवा मालवल्यावर थोड्या वेळाने टण टण, डबल बेल आली आणि घर शांत झालं. जयरामला आनंदाने झोप लागेना. मध्येच त्याला वाटलं, बघावं तरी. त्याने सुतळीला हलकासा हिसका दिला. लगेच उत्तर आलं, टण टण.

"झोपेतसुद्धा डबल बेल देते माझी पोरगी!" असं तो डेपोत छाती फुगवून सांगायला लागला. खंडेराव ड्रायव्हर त्याचा जुना जोडीदार. तो म्हणाला, "कंडक्टरचीच ती. मुरलेला कंडक्टर झोपेतच बेल देतो." पुन्हा हशा.

मग जयरामने मुक्काम घ्यायला सुरुवात केली. त्याने मागच्या भिंतीला एक बारीक भोक पाडलं आणि त्या रात्रीपुरती सुतळी घंटेसकट कुसाबाईंच्या उशाशी नेली. पहिला मुक्काम वणीचा. रात्रभर त्याचा जीव टांगणीला लागला होता. सकाळी नाशिकला येऊन हिशेब भरला आणि धावतच घरी आला. उंबऱ्यावर मैना बसलेली. तिने त्याला आपादमस्तक बघितलं, हात लावला, आणि मगच दात घासायला गेली.

"लय गुणाची पोर," कुसाबाई म्हणाल्या. "मध्ये दोनदा दोरी ओढून बघितली. डबल बेल! मला मेलीला बेलचं काय कळतंय, पण तुम्ही सांगितलं होतं तसंच वाजलं."

जयरामच्या जिवात जीव आला. आता दिवाळी आली काय नि लंकाबाई आली काय!

पण त्याच सुमाराला शाळेतल्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. सुमनबाई नाव त्यांचं. त्या म्हणाल्या, "मैना वर्गात झोपते. पाटीवर डोकं ठेवते की मेल्यासारखी. रात्री जागरण होतं का घरी?" जयराम म्हणाला, "छे हो, आता तर एकटी झोपते ती. खेळून दमत असेल." पोरीच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं, जेवण कमी झालं होतं. कुसाबाईंनी निदान केलं, जंत. त्यांनी ओव्याबरोबर काहीतरी कडू पाजलं. मैनेने तोंड वाकडं न करता ते घेतलं. कुणी काही सांगितलं की मुकाट्याने करायचं, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

दिवाळीला आठवडा असताना जयरामला नेमकी लासलगाव मुक्कामाची पाळी लागली. त्याच्या मनात आलं, पोरीला घेऊनच जावं. आक्कांच्या डोळ्यांदेखत तिला एकटी झोपवावी, म्हणजे तो विषय कायमचा मिटेल. त्याने सुतळी आणि घंटा पिशवीत घातली. गाडीत मैनेला पुढच्या सीटवर बसवलं, आणि स्वतःच्या पोरीचं हाफ तिकीट स्वतःच फाडलं. "पोरीकडून कसलं तिकीट घेतो रे?" खंडेराव म्हणाला. "नियम म्हणजे नियम," जयराम म्हणाला. त्या संध्याकाळी तो फार खुशीत होता. रस्ताभर प्रत्येक थांब्यावर बेल देताना तो मैनेकडे बघायचा, आणि ती ओठांनी आवाज न करता टण टण म्हणायची.

लंकाबाईने बाजरीची भाकरी आणि पातीची भाजी केली होती. जेवणं झाली. धोंडीराम ओट्यावर तंबाखू मळत बसला. लंकाबाई कंदिलाशी सुपात गहू निवडायला बसली. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या सुपाच्या कडेवर वाजत होत्या. मैना आधी लांब बसली. मग जरा सरकली. मग मावशीच्या मांडीजवळ आली आणि तिने तिथे डोकं टेकलं.

"आक्का, तिची वेगळी जागा करा," जयराम म्हणाला. "मग बघा गंमत."

"करते. सूप तर खाली ठेवू द्या."

सूप खाली ठेवेपर्यंत मैना झोपली होती. लंकाबाईने तिला उचलून कोपऱ्यातल्या गोधडीवर ठेवलं. जयरामने मोठ्या ऐटीत सुतळीचं टोक तिच्या मनगटात अडकवलं, दुसरं टोक घेऊन दारात गेला आणि घंटा हातात धरली. "आता मी इकडून ओढतो. झोपेतसुद्धा ती डबल बेल देईल."

त्याने हिसका दिला. काही नाही. पुन्हा दिला. मैनेचा हात सुतळीबरोबर वर उचलला गेला आणि फडक्यासारखा खाली पडला. जयराम हसून म्हणाला, "आज दमलीय," आणि जरा जोरात ओढलं. घंटा मुकीच राहिली.

तो कंदील घेऊन जवळ गेला. मैनेचं तोंड उघडं होतं. गालावरून लाळ ओघळून गोधडीवर पडली होती. पाय कसेही पसरलेले, आणि दोन्ही मुठी सताड उघड्या. वर्षभरात रात्री त्याने तिची मूठ उघडी बघितली नव्हती. तो बघत राहिला. झोप ती ही. मग घरी दर वेळी क्षणाचीही उसंत न घेता उत्तर देणारी ती डबल बेल कुठली होती? झोपलेलं माणूस दोरी ओढतं का? कंडक्टर झाला, शेकडो माणसं रोज चढवली-उतरवली, आणि एवढी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. पोरगी जागी असायची. रात्र रात्र त्या लाल खाटेवर, मनगटात सुतळी अडकवून, डोळे उघडे ठेवून, कधी हिसका येतो याची वाट बघत पडून असायची.

तो भिंतीला टेकून बसला. लंकाबाईला त्याने सगळं सांगितलं. एरवी फटकळ बोलणारी ती बाई उठली आणि मैनेच्या अंगावर पांघरूण घालून आली.

"राहू दे माझ्याकडं," शेवटी ती हळूच म्हणाली. आता त्यात भांडण नव्हतं.

जयराम नाही म्हणाला नाही. नाही म्हणायला त्याच्याकडे काय उरलं होतं? तो घरी असतानाही पोरगी जागी, नसतानाही जागी. तिच्यासाठी त्याने खाट रंगवली, पाटी लिहिली, भिंतीला भोक पाडलं. झोप तेवढी त्याला देता आली नाही. ती इथे, बांगड्यांच्या आवाजात, कुणी न सांगता आली होती.

उजाडायच्या सुमाराला स्टँडवर खंडेरावने गाडी सुरू करून ठेवली. तिची घरघर घरापर्यंत ऐकू यायला लागली. जयरामने खाकी शर्ट अंगात घातला, पेटी खांद्याला लावली. मैना अजून तशीच पडलेली.

"निघा आता हळूच," लंकाबाई कुजबुजली. "उठली की मी बघते. दोन दिस रडंल, मंग इसरंल."

"झोपली तोवर गेल्यालं बरं," धोंडीरामही म्हणाला. "समदी असंच करत्यात."

जयराम उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथून माघारी आला. "लताच्या वेळी आपण हेच केलं," तो म्हणाला. "झोपली होती तेच बरं झालं म्हणालो. अजून झोपली नाही ती, आक्का, त्या दिवसापासून."

तो गोधडीजवळ बसला. पण हात पुढे होईना. जी झोप यावी म्हणून त्याने वर्षभर जिवाचं रान केलं, ती आत्ता कुठे आली होती, आणि तीच त्याला स्वतःच्या हाताने मोडायची होती. गाडीचा हॉर्न वाजला. त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"मैना. ए मैना. ऊठ बाळा."

तिने डोळे उघडले. छत ओळखीचं नव्हतं. खिडकीतून उजेड आलेला दिसला आणि ती ताडकन उठून बसली. मनगटातली सुतळी चाचपली.

"आप्पा, सकाळ झाली?" तिचा चेहरा उतरला. "मी झोपले? मी डबल बेल नाही दिली?"

"नाही दिलीस. काही बिघडलं नाही."

"तुम्ही ओढलं होतं का? आप्पा, मला कळलंच नाही. घरी मी जागी असते ना, म्हणून कळतं. इथे चुकून झोप लागली." तिला रडू फुटलं. "मावशीला सांगू नका. मी परत करून दाखवते."

"जागी का असतेस गं?"

मैनेने मावशीकडे बघितलं, मग बापाच्या कानाशी तोंड नेलं. "आपण झोपलो की आपल्या माणसाला नेतात," ती म्हणाली. "आणि सिंगल दिली तर मावशी मला नेणार होती. म्हणून डबलच द्यायची."

लंकाबाईने पदराचा बोळा तोंडात धरला आणि ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली. जयरामने पोरीला छातीशी धरलं. पेटी दोघांच्या मध्ये येत होती, ती त्याने मागे सारली.

"मैना, मी आता गाडी घेऊन चाललोय. तू मावशीकडे राहायचं."

"मी झोपेन," ती घाईघाईने म्हणाली. "घरी चला आप्पा, मी खरंच झोपेन. खोटं नाही."

"इथे झोप. रात्री मी बघितलं तुला. फार छान झोपली होतीस."

"किती दिवस?"

त्याने तिच्या मनगटातली सुतळी सोडवली. "लासलगावची पाळी लागेल तेव्हा तेव्हा येईन. पाळी नसली तर सुट्टी घेऊन येईन."

मैनेची मूठ त्याच्या बगलेखाली गेली, पण अंगात खाकी शर्ट होता, जाडाभरडा. तो तिच्या मुठीत नीट मावेना.

"मी झोपले होते तेव्हाच का नाही गेलात?" तिने विचारलं.

"तुला न सांगता कसा जाईन?" तो म्हणाला. "तुझ्या झोपेत मी कधीच जाणार नाही. जाताना तुला उठवीन. म्हणून तू झोपत जा."

ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, जणू तिकीट खरं की खोटं ते तपासावं तशी. मग ती उठली, तोंड न धुताच चपला घातल्या, आणि मावशीचं बोट धरून स्टँडकडे चालायला लागली. जयराम मागून चालला.

गाडी भरली होती. दुधाचे कॅन, मार्केटची माणसं, नाशिकच्या कोर्टात निघालेले दोन म्हातारे. जयराम चढला, दार ओढून घेतलं आणि सवयीने त्याचा हात छताच्या दोरीकडे गेला. दोनदा ओढायचं, एवढंच काम. बारा वर्षं तो ते करत आला होता. हात दोरीवर राहिला, ओढवेना. खंडेरावने आरशातून बघितलं. त्याला बेलशिवाय गाडी हलवता येत नाही, आणि त्या दिवशी हलवायची घाईही त्याला नव्हती.

"अहो कंडक्टर, द्या की बेल! ऊन व्हायच्या आत पोचायचंय," मागून एक बाई ओरडली.

तेवढ्यात बाहेरून पत्र्यावर थाप पडली. धप्. आणि पुन्हा एकदा. धप्.

जयरामने खिडकीतून वाकून बघितलं. मावशीचं बोट सोडून मैना गाडीला भिडली होती. टाचा उंच करून, पोचेल तिथे, तळहाताने तिने पत्रा वाजवला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ते तिने मिटले नव्हते. ती त्याला जाताना बघणार होती.

खंडेरावने असल्या थापांवर जन्मभर गाडी चालवली होती. त्याने एकवार आरशात बघितलं, नाक ओढलं आणि गिअर टाकला. स्टँड मागे पडलं, मार्केटच्या कमानीखाली ट्रॅक्टरची रांग लागली होती तीही मागे पडली. जयराम अजून दोरीला धरूनच उभा होता.

"कंडक्टर, एक चांदोरी द्या," ती मघाची बाई म्हणाली.

त्याने पेटी उघडली, तिकीट फाडलं, चिमट्याने टिक्कन भोक पाडून तिच्या हातात दिलं. बाईने तिकीट उलटसुलट करून बघितलं.

"आवं, हे हाफचं फाडलं तुम्ही," ती म्हणाली. "माझ्यासंगं पोर कुठं हाय?"